चुन्यावर एकही पाऊल नव्हतं

१

तेवीस कबुतरं एका रात्रीत मेली होती. बिरदेव माझ्या खोलीच्या दारात उभा राहून एवढंच सांगत होता, पुन्हा पुन्हा. पायात चपला नव्हत्या.

"काल सांजंला पाचला दाणं घातलं तवा समदी चांगली हुती, बाई. सकाळी कडी काढून बघतो तर तेवीसच्या तेवीस आडवी."

ही फेब्रुवारी शहाण्णवची गोष्ट. मी तेव्हा भवानीनगरच्या अलीकडे एका गावात जनावरांची डॉक्टर होते. गाई-म्हशी हे माझं रोजचं काम. पण त्या भागात शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांचा एक क्लब होता, अठरा-वीस जणांचा, आणि त्यांची पाखरंही माझ्याकडेच यायची. पाखरं रेल्वेनं गुलबर्ग्याला, रायचूरला न्यायची, दिवस उगवताना सोडायची, आणि ज्याचं पाखरू आधी आपल्या ढाबळीत, म्हणजे कबुतरखान्यात, परतेल तो जिंकला. पुढच्या रविवारी मोसमातली मोठी शर्यत होती. बिरदेव ती सलग चार वर्षं जिंकत होता.

त्याची वस्ती कालव्याच्या कडेला, उसात. घरामागं चार खांबांवर उचललेली पत्र्याची ढाबळ. तिच्या दोन खोल्या. एकीत शर्यतीची पाखरं, दुसरीत जोड्या आणि त्यांची पिल्लं. इतकी स्वच्छ ढाबळ मी दुसरी पाहिली नाही. खाली फळ्यांची जमीन, खरवडून खरवडून पिवळी पडलेली. कोपऱ्यात पीस नाही, वास नाही. आल्यागेल्याला बिरदेव सांगायचा, "हितं बसून जेवावं माणसानं."

त्या जमिनीवर चुन्याची भुकटी पसरली होती आणि भुकटीवर पाखरं पडली होती. पलीकडच्या खोलीतल्या जोड्या जिवंत होत्या, पिल्लं चोची उघडून ओरडत होती.

मी एक पाखरू हातात घेतलं. मान मागं वळलेली. शेपटीखालची पिसं हिरव्या पातळ घाणीनं चिकटून वाळलेली. त्याची गळ्याची पिशवी कापली तर वाळूच्या खड्यांत काळपट बारीक दाणे निघाले. त्यांचा वास मला ओळखीचा होता. उसाला हुमणी अळी लागली की मुळाशी टाकतात ते औषध. तालुक्यात कुठल्याही गोठ्यात त्याचं पोतं सापडेल. कबुतरांना दाणे पचायला खडे लागतात, त्या खड्यांच्या ताटात हे कुणी मिसळलं तर पाखराला फरक कळत नाही.

"विष आहे," मी म्हटलं. "तासाभरात मेली असतील."

बिरदेवनं खालचा ओठ दातांत धरला.

"हा चुना कधी टाकला?"

"कालच पाचला. खरवडून झालं की टाकत्यात. दिसातनं दोन बारी. मग मी दाणं घातलं आन् क्लबाच्या बैठकीला गेलो. आलो तवा अंधार पडलेला. अंधारात पाखरं उठवू न्हाय, म्हणून डोकावलो न्हाय."

"त्यानंतर कुणी झाडलं, पुसलं?"

"हातच लावला न्हाय कुणी."

मी दुसरं पाखरू उचललं, मग तिसरं. प्रत्येकाच्या खाली चुना तसाच होता, चाळणीतून पडलेल्या पिठासारखा सपाट. तेवीस पाखरं त्या जमिनीवर दाणे टिपायला फिरली होती म्हणे, विष चढल्यावर तडफडली होती, त्यांचं पोट गेलं होतं. आणि चुन्यावर एकाही पाखराचं पाऊल नव्हतं.

२

"संघपालनं केलंय," बिरदेव म्हणाला. आम्ही अंगणात आलो होतो. त्याचा धाकटा भाऊ मल्हार गोठ्याशी उभा होता आणि क्लबाचे अध्यक्ष हिंदुराव मोटारसायकलवरून नुकतेच उतरले होते.

संघपाल कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता. जानेवारीच्या लहान शर्यतीत त्याच्या पाखरानं बिरदेवच्या पाखराला अकरा मिनिटांनी मागं टाकलं होतं. तेव्हापासून बिरदेवनं त्याचं नाव घेणं सोडलं होतं.

"त्याला मी ढाबळीच्या आसपास येऊ देत न्हाय. त्याच्या पायाला घाण."

"कसली घाण?" मी विचारलं.

"ढाबळीची, बाई. दुसरी कसली?" बिरदेव उसाकडं बघत म्हणाला. "पंधरा पंधरा दिस शीट काढत न्हाय त्यो. तसल्या उकिरड्यातली पाखरं माझ्या फुडं गेली, त्येबी त्याला पुरलं न्हाय."

"काल सांजंला त्याची सायकल बघितली मी," मल्हार म्हणाला. "कालव्याच्या पुलाला लावलेली. सहाचा भोंगा झाल्ता कारखान्याचा."

"बघा," बिरदेव म्हणाला.

मी चुन्याबद्दल बोलले नाही. मला स्वतःलाच अजून त्याचा नीट अर्थ लागला नव्हता.

निघताना हिंदुराव माझ्यासोबत पुलापर्यंत चालत आले. सत्तरीचा माणूस, आवाज नेहमी खालचा. "पोरगं चांगलं हाय तसं संघपाल," ते म्हणाले. "पर तुमच्यातलाच हाय त्यो, म्हणून म्हणतो बाई, नीट बघा. उद्या लोकं म्हंत्याल, आपल्या माणसाला सांभाळलं."

तीन वर्षं मी यांच्या अडलेल्या गाई सोडवत होते, पहाटे उठून, कोपरापर्यंत हात घालून. मी म्हटलं, "नीटच बघते, आबा," आणि स्कूटरला लाथ मारली.

३

संघपालची ढाबळ त्याच्या घराच्या गच्चीवर होती. रविवार होता, तो घरीच होता. मी सगळं सांगितलं. तो खाली बसला, ढाबळीच्या उंबऱ्यावरच.

"तेवीस," तो म्हणाला. "त्यातलं ते तांबडं होतं का, मॅडम? बोटाएवढी पांढरी रेघ पंखावर?"

"होतं."

त्यानं मान खाली घातली. त्याच पाखराला त्याच्या पाखरानं हरवलं होतं.

मी आत पाहिलं. फळीवर बोटभर जाडीचा शीटीचा थर होता, कडकडीत वाळलेला. मी चिमूट उचलून चोळली, वास आला नाही. उन्हाच्या बाजूला सगळी जाळी, वारा आरपार. पाखरांची पिसं चकचकीत, डोळे स्वच्छ, ताजी शीट घट्ट गोळीसारखी. नोव्हेंबरात क्लबासाठी मी सगळ्या ढाबळी तपासल्या होत्या, तेव्हाही ही पाखरं पहिल्या नंबरची होती. ढाबळ किती स्वच्छ ठेवायची यावरून त्या क्लबात वर्षानुवर्षं भांडणं चालत. बिरदेव म्हणे दिवसातनं दोनदा. संघपाल म्हणे, कोरडी असली की झालं.

खरं तर हा वाद मी चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यातच मिटवला होता, असं मला वाटत होतं. तेव्हा बिरदेव रोज फिनेलच्या पाण्यानं ढाबळ धुवायचा आणि तरी त्याची पाखरं पातळ हगत होती. तीन मेली. मी शीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्याला सांगितलं, ओल हाच पाखराचा खरा शत्रू, जंतू ओलीत वाढतात. पाणी मारू नका. कोरडं खरवडा, आठवड्यातून एकदा पुरे. पाखरं महिन्यात सुधारली. तेव्हापासून तो मला मानायला लागला होता.

"तू पंधरा दिवसांनी काढतोस?" मी संघपालला विचारलं.

"व्हय. वारा पडलेला बघून, तोंडाला ओला पंचा बांधून. ही धूळ लई वाईट. माझ्या मामाकडं पन्नास पाखरं होती. छातीनं गेला तो. कुणाला कळलंच न्हाय कशानं."

"काल बिरदेवच्या वस्तीवर गेला होतास?"

"गेलतो. घरापर्यंत गेलो आणि परत आलो."

"कशाला?"

"ते सांगता येत न्हाय."

"कुणी दिसलं तिथं?"

आत एक नर घुमत होता, घशात पाणी खळखळल्यासारखा.

"न्हाय," संघपाल म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, ते दिसत होतं. तेवढ्यात खाली जीप थांबली आणि चौकीतल्या हवालदारानं त्याला नावानं हाक मारली.

४

मी पुन्हा वस्तीवर आले. बिरदेव आणि हिंदुराव चौकीत गेले होते. मल्हार गोठ्यात गवताच्या पेंढ्या सोडत होता.

"औषधाचं पोतं कुठंय?"

त्यानं बोटानं कोपरा दाखवला. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं, गाठ सैल. "माझंच हाय. हुमणीला आणल्यालं. त्यात वाटी बुडवून कुणी बी नेली आसंल, गोठ्याला दार कुठंय?"

"पाखरं मेल्याचं तुला वाईट वाटलेलं दिसत नाही."

"न्हाय वाटलं," तो सरळ म्हणाला. "आमचा आजा मेंढरं राखायचा. मेंढरामागं फिरला, घर उभं केलं. दादा आभाळाकडं बघत बसतो आन् ऊस मी एकटा बघतो. पर मी न्हाय मारली. मला ढाबळीची शिडी चढू देत न्हाय त्यो. म्हंतो, गोठ्यातनं आल्यालं माणूस घाण आणतं."

मला त्याचं खरं वाटलं. ढाबळीत त्यानं पाय ठेवला असता तर शेणाचा माग राहिला असता, आणि त्या फळ्यांवर माणसाचाही माग नव्हता. ज्यानं चुना टाकला तो दारापर्यंत मागं मागं सरकत, स्वतःचं पाऊल पुसत बाहेर आला होता. हे काम सरावाचं होतं.

मी घराच्या मागच्या उकिरड्याकडं गेले. वरती सकाळची राख होती. काठीनं राख बाजूला केली. खाली खरवडलेल्या शीटीचा ढीग होता, पण तो कोरडा नव्हता. हिरवी पातळ घाण, त्यात कालवलेला चुना, पिसं, आणि काळपट दाणे.

तिथं उभी असताना सगळं जागेवर बसलं. पाचला खरवडून चुना टाकला, ते बिरदेवनं पाहिलं. मग त्यानं दाणे घातले आणि तो गेला. मग खड्यांच्या ताटात विष आलं. पाखरं मेली, जमीन बरबटली. त्यानंतर कुणीतरी एकेक मेलेलं पाखरू बाजूला ठेवलं, सगळी जमीन पुन्हा खरवडली, नवा चुना पसरला, आणि पाखरं होती त्या जागी परत मांडली. म्हणून पिसं घाण होती आणि जमीन कोरी.

चोर घाईत असतो. वैऱ्याला दुसऱ्याची ढाबळ घाण राहिली तर आनंदच वाटेल. खून करून मागं केर काढत थांबणारं माणूस कोण असतं?

आणि मला बिरदेवचं सकाळचं वाक्य आठवलं. खरवडून झालं की टाकत्यात. कोण टाकतं, हे तो म्हणाला नव्हता आणि मी विचारलं नव्हतं. चौऱ्याण्णवपासून मी ते कधीच विचारलं नव्हतं.

घरातून खोकल्याचा आवाज आला.

५

भामाबाई, बिरदेवची बायको, चुलीपाशी बसली होती. चाळिशीच्या आतली बाई, पण खांदे म्हातारीचे झालेले. बोलताना दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यायची. मी त्या घरी किती वेळा चहा प्याले असेन. तो आणून देणाऱ्या हाताकडं मी कधी नीट पाहिलं नव्हतं. उजव्या तळव्यावर आडवा घट्टा होता, खरवडायच्या उलथन्याच्या दांड्याएवढा रुंद.

"चा ठिवते," ती म्हणाली.

"नको. खोकला कधीपासून आहे?"

"दोन दिवाळ्या झाल्या. बारामतीला दावलं. टीबी म्हणून नऊ म्हैने गोळ्या खाल्ल्या. थुंकीत काय सापडलं न्हाय, तरी खाल्ल्या."

"ताप?"

"सांजंला येतो. अंग मोडून. सकाळी जरा बरं." ती थांबली. "मालक चौकीत गेल्यात. तुमी त्यास्नी भेटायला आलाव का?"

"नाही. तुम्हाला भेटायला आले."

तिनं चुलीतलं लाकूड विनाकारण मागं ओढलं. भिंतीकडेला कोंबड्या झाकायचं डालं पालथं ठेवलं होतं, त्याच्याखाली काहीतरी घुमलं.

कोंबडी घुमत नाही.

६

मी डालं उचललं. निळं कबुतर, पायात क्लबाचं कडं. आदल्या शुक्रवारी सरावाला सोडलं होतं आणि परत आलं नाही म्हणून बिरदेव हळहळत होता, तेच.

"हे संघपालनं आणून दिलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "सहाचा भोंगा झाल्यावर. म्हनला, वैनी, तुमचं पाखरू माझ्यात आलंय, मालकास्नी सांगू नका मी आलतो म्हणून. मी म्हनलं, तूबी सांगू नगंस मला भेटलास म्हणून. मी शिडीपाशी बसल्ते. वर समदी मेल्ती तवा. जितं पाखरू तिथं कुठं सोडू?"

तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं.

"मग साफ का केलंत?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "घाण झाल्ती समदीकडं. तशीच कशी ठिवू? सकाळी मालक कडी काढणार."

मग ती बोलत राहिली, थांबून थांबून. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला ती इंदापूरला माहेरी महिनाभर राहिली होती. आठव्या दिवशी खोकला गेला. तिथंही चूल होती, धूर होता, पण खोकला नव्हता. परत आली, दोनदा ढाबळ खरवडली आणि त्याच संध्याकाळी ताप. दिवाळीत पुन्हा माहेरी गेली, पुन्हा तसंच. तिचं तिनं ओळखलं. डॉक्टरांना जे नऊ महिने कळलं नव्हतं ते तिला दोन फेऱ्यांत कळलं होतं.

"मालकास्नी सांगितलं. शीटीची धूळ छातीत जातीय म्हनलं. म्हनले, काम नगं आसंल तर तसं सांग. म्हनलं, मग पाणी मारून काढू का, धूळ उठत न्हाय. तर म्हनले, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, पाणी मारायचं न्हाय, कोरडं खरवडायचं." तिनं पदर तोंडाला लावला, खोकून घेतलं. "त्या तुमीच, न्हवं?"

आवाजात आरोप नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती.

"मीच," मी म्हटलं. "मी आठवड्यातून एकदा सांगितलं होतं."

"ते काय बोलले न्हाईत."

"जोड्यांना का नाही घातलं विष?"

"पिल्लं हाईत त्यास्नी."

मी मनात वाक्यं जुळवत होते, काय सांगायचं, कुणाला, किती. शेवटी म्हटलं, "भामाबाई, संघपालला चौकीत नेलंय. पाखरं त्यानं मारली म्हणतायत."

ती भिंतीला हात लावून उठली. "त्याला कशाला?" ती म्हणाली. "त्यानं तर पाखरू आणून दिलं." आणि चुलीवर पाणी शिंपडून, निखारे विझवून, ती माझ्यापुढं दाराबाहेर पडली.

७

चौकीत जावं लागलं नाही. भामाबाई आणि मी पुलावर पोहोचलो तोच जीप परत येताना दिसली. संघपालला वस्तीवर आणून काय ते विचारायचं ठरलं होतं. अंगणात सगळे उभे राहिले. संघपालच्या सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं. बाकी काय झालं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही.

मी चुन्याचं सांगितलं, उकिरड्याचं सांगितलं, निळं पाखरू पुढं केलं. मी पुढचं नाव घेण्याआधी भामाबाईनंच घेतलं. "मी घातलं. गोठ्यातली वाटी भरून. ह्याचा काय संबंध न्हाय."

बिरदेव तिच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, हात उचलेल. मल्हारलाही वाटलं असावं, तो दोन पावलं मधे आला.

"जोड्या ऱ्हायल्या न्हवं?" बिरदेव म्हणाला.

"ऱ्हायल्या."

त्यानं मान हलवली आणि माझ्याकडं वळला. "चार जोड्या. औंदा त्यांची किती पिल्लं निघत्याल, बाई?"

भामाबाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

हवालदारानं वही मिटली, घरचाच मामला आहे म्हणाला आणि जीप घेऊन गेला. हिंदुरावांनी मला बाजूला बोलावलं. "घरातली गोष्ट घरात ऱ्हावी. तुमी पाखरांच्या दाखल्यावर रोगानं गेली आसं लिहा. बाईची अब्रू वाचंल."

"रोग कुठून आला म्हणून विचारतील."

हिंदुरावांचे डोळे हलले, बिरदेवचेही हलले, आणि दोघांचे एकाच ठिकाणी थांबले. संघपालनं ते पाहिलं.

"लिहा मॅडम," तो म्हणाला. "माझ्या ढाबळीला घाण आधीपासनंच म्हणत्यात. अजून थोडं."

मी लिहिलं, हुमणीचं औषध खड्यांच्या ताटात चुकून मिसळल्यानं विषबाधा. भामाबाई आणि संघपाल दोघंही त्यात सुटत होते. बिरदेवनं कागद वाचला आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "चुकून? माझ्या ढाबळीत? लोकं म्हंत्याल, बिरदेवला खडं निवडून घेता येत न्हाईत."

"मग खरं लिहू?"

त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

मग मी त्याला धुळीचं सगळं सांगितलं, जे दीड वर्षापूर्वी सांगायला हवं होतं. पंधरा दिवसांतून एकदा काढा. तोंडाला ओलं फडकं बांधून. वारा पडलेला बघून. आणि स्वतः काढा. तो "व्हय, व्हय" म्हणत होता आणि ढाबळीच्या पत्र्याकडं बघत होता.

८

भामाबाईला तिचा भाऊ इंदापूरला घेऊन गेला. मी तिला पुण्याला छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, टीबी कधीच नव्हता, आणि फुप्फुसाचं गेलेलं आता भरून येणार नाही. माहेरी खोकला थांबला. पण विहिरीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागतं, असं तिचा भाऊ म्हणाला. बिरदेव तिकडं गेला नाही.

पुढच्या रविवारची शर्यत संघपालच्या पाखरानं जिंकली. नाव पुकारलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बिरदेवची पाखरं असती तर, असं दोघं-तिघं बोलले, संघपालला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. महिन्याभरानं संघपालनं आपली पाखरं सोलापूरच्या एका माणसाला देऊन टाकली. ती त्याच्या गच्चीवर परत परत येत राहिली. शेवटी त्यानं जाळी उतरवली.

नोव्हेंबरात मी बिरदेवच्या वस्तीवर गेले, मल्हारच्या गाईंना लाळ-खुरकुताची लस टोचायला. बिरदेव ऊसतोडीच्या बोलणीला कारखान्यावर गेला होता. ढाबळीच्या पत्र्यावर वीस-पंचवीस पाखरं ऊन खात बसली होती, चार जोड्यांची पिल्लं आणि बारामतीहून आणलेली काही. आतून फळीवर लोखंड घासल्याचा आवाज येत होता, एका लयीत.

मी शिडी चढून दारात उभी राहिले. जाळीतून आलेल्या उन्हात धूळ इतकी दाट होती की आतली बाई मला आधी दिसलीच नाही. पदर नाकावर ओढलेला, कोरडा. हातात उलथनं.

"भामाबाई?" मी म्हटलं.

ती वळली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर होती. मेमध्ये मल्हारचं लग्न झालं, त्याची बायको. नाव विचारलं तर म्हणाली, "छकुलीच म्हणत्यात समदी."

"दिवसातून किती वेळा?"

"दोन बारी. थोरल्या दिरांना घाण चालत न्हाय."

"बाहेर ये. ठेव ते. मी बोलते त्यांच्याशी, पंधरा दिवसांतून एकदा पुरतं."

"एवढा खण ऱ्हायलाय," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

मी आत गेले. तिच्या हातातलं उलथनं धरलं. तिनं ते सोडलं नाही, ओढलंही नाही, नुसती घाबरून माझ्याकडं बघत राहिली.

"तुला खोकला येतो का गं?"

तिनं आधी घराकडं पाहिलं. मग पदर थोडा खाली केला.

"सांजंला जरा येतो," ती म्हणाली. "पर त्यो चुलीच्या धुराचा आसंल."